स्टार्ट नसलेला कंट्रोलर

भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या आठवड्यात माझ्या मामेबहिणीने एक साधा प्रश्न विचारला : दहा वर्षांच्या मुलाला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? मी सकाळी उठून फोन हातात घेतला तोवर त्या प्रश्नाखाली पावणेदोनशे संदेश साचले होते आणि त्यांतल्या एकातही त्या मुलाला काय खेळायला आवडते, याची चौकशी नव्हती. टेराफ्लॉप होते, रे ट्रेसिंग होते, फोर-के की एट-के हा वाद होता आणि या सगळ्यावर कळस म्हणून माझ्या आतेभावाचे वाक्य होते : ‘आजच्या काळात कन्सोल घेणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. पीसी जोडून घ्या, अभ्यासालाही होईल.’ त्याखाली मी काही लिहिण्याआधीच त्याने माझीही सोय लावून ठेवली होती : ‘दादाला विचारू नका, तो तिकडे बसून सल्ले देतो.’

तिकडे बसूनच देतो आहे. नाही तर कुठे बसून देणार?

आधी त्या टेराफ्लॉपचा, म्हणजे यंत्र सेकंदाला किती गणिते करते ते सांगणाऱ्या मापाचा, निकाल लावतो. २०२० च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि प्लेस्टेशन फाइव्ह काही दिवसांच्या अंतराने बाजारात आले. कागदावर पहिल्याची ताकद १२ टेराफ्लॉप आणि दुसऱ्याची १०.२८. कागदावर हरलेला कन्सोल प्रत्यक्षात कितीतरी अधिक विकला गेला. हे काही नव्याने घडलेले नाही. २००० साली आलेला प्लेस्टेशन टू त्याच्या पाठोपाठ आलेल्या एक्सबॉक्स आणि गेमक्यूबपुढे दुबळा होता, तरीही त्याचे १५ कोटींहून अधिक नग खपले. त्याचे एक कारण तर खेळाबाहेरचे होते, त्यात डीव्हीडी लावता येत असे. २००६ चा निन्टेंडोचा वी हा कन्सोल त्याच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर अगदीच किरकोळ ताकदीचा होता. पण हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावर टेनिस खेळता येते, हे आजी-आजोबांनाही एका मिनिटात समजले आणि तो १० कोटींच्या पुढे गेला. प्लेस्टेशन थ्री आणि एक्सबॉक्स ३६० यांपैकी एकालाही तो आकडा गाठता आला नाही. त्याच कंपनीचा पुढचा वी यू मात्र १ कोटी ३५ लाखांच्या आसपास अडकला, आणि त्यानंतर २०१७ मध्ये आलेल्या स्विचने, मोबाइल उपकरणांसाठी घडवलेल्या चिपवर चालत असूनही, पुन्हा १५ कोटी ओलांडले. आतेभाऊ अभियंता आहे आणि हे आकडे त्याला माझ्याइतकेच ठाऊक आहेत. तरीही वाद सुरू झाला की तो टेराफ्लॉप काढतो, कारण आकड्याला उलट विचारता येत नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, आणि ते आधीच कबूल केलेले बरे. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या यंत्र बरेचदा फारसा नफा न ठेवता, प्रसंगी तोट्यातही विकतात आणि ती कसर गेमांच्या विक्रीतून भरून काढतात. त्यांच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण ३० टक्के वाटा त्यांच्याकडे जातो. म्हणजे खोक्यावरची किंमत ही केवळ प्रवेश फी असते आणि खरा हिशेब पुढच्या सहा-सात वर्षांत किती गेम घेणार यावर मांडायचा असतो. शिवाय पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी पडत नाही. कन्सोलवर बहुतेक विकतच्या गेमांसाठी ती पडते. हे सगळे खरे आहे. पण याच व्यवहाराची दुसरी बाजू तो सांगत नाही. कन्सोल सगळ्यांकडे एकसारखा असल्यामुळे गेम बनवणारे त्याच एका यंत्राला डोळ्यांसमोर ठेवून काम करतात आणि त्यातून शेवटचा थेंब पिळून काढतात. २०१३ मध्ये घेतलेल्या प्लेस्टेशन फोरवर २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ चालला. मध्ये एक स्क्रूही उघडावा लागला नाही.

आणि ‘अभ्यासालाही होईल’ हे तर मला मुळीच मान्य नाही. अभ्यासासाठी म्हणून घरात आलेल्या पीसीवर मी काय केले ते मला माहीत आहे, आणि माझ्या शेजारी बसून आतेभावाने काय केले तेही. कन्सोल निदान खोटे बोलत नाही. तो खेळण्यासाठी घेतलेला असतो आणि सुरू केला की घरातल्या सगळ्यांना कळते की आता खेळ चालला आहे.

माझा खरा आग्रह गेम डिस्कवर घेण्याचा आहे आणि त्यावरूनच गटावर मला हसले गेले. ‘डिस्क कोण वापरतं आता?’ असे एकाने विचारले. मी वापरतो. मी जर्मनीत राहतो आणि आमच्या शहर वाचनालयात पुस्तकांच्या दोन रांगा संपल्या की गेमांचे कपाट लागते. तिथून दोन आठवड्यांसाठी डिस्क घरी आणता येते. खोक्याच्या आतल्या झाकणावर ‘परत करताना डिस्क आत आहे ना ते पाहा’ अशी चिठ्ठी डकवलेली असते. डिस्कच्या मधल्या भोकाभोवती वाचनालयाचा गोल स्टिकर आणि उजेडात तिरकी धरली तर आधीच्या वाचकांचे बारीक, वर्तुळाकार ओरखडे दिसतात. खोक्याच्या कोपऱ्यात यूएसकेचा, म्हणजे गेम कोणत्या वयापासून खेळावा ते ठरवणाऱ्या इथल्या संस्थेचा, चौकोन असतो : हिरवा असेल तर बारा, लाल असेल तर अठरा. मामेबहिणीला मुलाच्या वयाची काळजी होती, म्हणून मी हे रंग गटावर लिहिले, तर उत्तर आले, ‘तुमच्याकडे सगळंच रंगीत असतं.’ या टोमण्याचे मला वाईट वाटायला नको होते, पण वाटले. कारण ‘आमच्याकडे’ हा शब्द मी तोवर लिहिलेला नव्हता. तो मला बहाल करण्यात आला.

तर डिस्क. विकत घेतलेला गेम आपला असतो, ही समजूत डिस्कसोबतच जात चालली आहे. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने वी यू आणि हातात धरून खेळायच्या थ्रीडीएसवरची ऑनलाइन खरेदी बंद केली. २९ जुलै २०२४ रोजी एक्सबॉक्स ३६० चे दुकान मिटले. जे आधी विकत घेतले होते ते पुन्हा उतरवून घेता येत होते, पण केवळ तिथेच मिळणारे नवे काही घ्यायचे राहिले असेल तर ते राहिलेच. गूगलची स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा २०१९ मध्ये आली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी संपली. लोकांनी तिथून घेतलेल्या गेमांचे पैसे परत केले गेले हे खरे, पण गेम गेले. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला की डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे त्याला स्पष्ट सांगावे लागते. कायद्याला हे सांगावे लागले, यातच सगळे आले. २०२४ च्या अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन फाइव्ह प्रोमध्ये डिस्कचा खण नाही. तो वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो.

इथे आतेभाऊ बरोबर आहे असा एक मुद्दा मी गटावर मुद्दाम टाळला. डिस्क असली म्हणजे गेम हातात राहतोच असे नाही. ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि दुकानातून घेतलेली त्याची डिस्कसुद्धा चहाचा कप ठेवण्यापुरती उरली. स्विच टूच्या काही खोक्यांत तर कार्ड असते, पण त्यात गेम नसतो; कार्ड ही केवळ किल्ली आणि गेम इंटरनेटवरून उतरवायचा. म्हणून नुसता खण बघून भागत नाही, गेम इंटरनेटशिवाय चालतो का हेही बघावे लागते. आणि आमच्या वाचनालयातल्या त्या कपाटासमोर, खरे सांगायचे तर, बहुतेक वेळा मी एकटाच उभा असतो. इथली मुलेही गेम उतरवूनच घेतात. हे मी गटावर लिहिले नाही आणि मामेबहिणीने विचारले असते तरी लिहिले नसते.

मागच्या पिढीचे गेम नव्या यंत्रावर चालतात का, हा प्रश्नही मी विचारायला सांगितला. प्लेस्टेशन फाइव्हवर प्लेस्टेशन फोरचे जवळपास सगळे गेम चालतात, आणि एक्सबॉक्सवर तर २००१ सालच्या पहिल्या यंत्राचेही काही. मुलाच्या मित्रांकडे जुन्या डिस्क पडून असतील तर या एका सोयीने पहिले वर्ष निघून जाते.

पण पावणेदोनशे संदेशांत न आलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे दुसरा कंट्रोलर. आज बहुतेक कन्सोलच्या खोक्यात एकच कंट्रोलर येतो. दुसरा आपण नंतर घेऊ म्हणतो आणि तो ‘नंतर’ येत नाही; मग एकाच पडद्यासमोर बसून दोघांनी खेळण्याचे जे गेम आहेत, ते घेतलेच जात नाहीत. त्या बाबतीत स्विच शहाणा निघाला : त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे काढले की दोघांच्या हातात एकेक येतो. मी मामेबहिणीला लिहिले की यंत्र कोणतेही घे, पण त्याच्या मित्रांकडे जे असेल ते घे आणि दुसरा कंट्रोलर पहिल्याच दिवशी घे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. निन्टेंडोचा मूळ फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्याचे दोन कंट्रोलर सारखे नव्हते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे होती. दुसऱ्यावर ती नव्हती, त्यांच्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. आमच्याकडचे यंत्र त्याची नक्कल होते. कॅसेट काढायची, तिच्या दातांवर फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. त्या नकलेत मायक्रोफोन गाळलेला होता, पण स्टार्टचा अभाव मात्र इमानाने उतरवलेला होता. दुसरा कंट्रोलर नेहमी आतेभावाच्या हातात असे, कारण तो चार वर्षांनी लहान. गेम कधी सुरू करायचा ते मी ठरवायचो आणि मध्येच थांबवायचा तोही मीच, म्हणजे तो जिंकायला लागला की. हे मी कितीदा केले असेल त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्याच्याकडे असावा.

पुढे मी इकडे आलो. पहिल्या हिवाळ्यात कन्सोल घेतला आणि त्यालाही तोच घ्यायला सांगितले. सांगितले कसले, ठरवूनच टाकले. त्याने पीसी जोडला. मी दुखावलो आणि ते दुखणे मी आजतागायत तांत्रिक भाषेत मांडत आलो आहे. त्या काळात माझ्या यंत्रावरून त्याच्या यंत्रावर खेळता येत नसे, ही सबब दोघांच्याही सोयीची होती. २०१८ च्या सप्टेंबरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनेही ‘फोर्टनाइट’पासून सुरुवात करून इतर कन्सोलवाल्यांबरोबर खेळण्यासाठी दार किलकिले केले, आज कितीतरी गेम कन्सोल आणि पीसी असा भेद मानत नाहीत. सबब संपली. दोघांपैकी कोणीही ते दुसऱ्याला कळवलेले नाही.

माझे कन्सोलवरचे खाते मी निघण्यापूर्वी भारतात उघडलेले आहे. खाते उघडताना निवडलेला देश नंतर बदलता येत नाही, असा त्या दुकानाचा नियम. इथली गिफ्ट कार्डे ते स्वीकारत नाही. इथले बँक कार्ड त्याने दोनदा नाकारले. नवे खाते उघडले तर इतक्या वर्षांत घेतलेले गेम आणि जिंकलेल्या ट्रॉफ्या जुन्यातच राहतील, असे मी बायकोला कारण देतो. वस्तुतः त्यांतले निम्मे गेम मी पुन्हा उघडणार नाही. इथल्या सगळ्या कागदपत्रांवर माझा पत्ता जर्मन आहे. त्या एका पडद्यावर मात्र अजून जुने घर आहे, मजल्यासकट.

परवा संध्याकाळी ‘रॉकेट लीग’ हा ऑनलाइन गेम लावला, तेव्हा मित्रांच्या यादीत आतेभावाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. तिकडे रात्रीचा एक वाजून गेला असावा. निमंत्रणाचे बटण माझ्या कंट्रोलरवर आहे आणि आता त्याच्याकडेही आहे. दुसरा कंट्रोलर टीव्हीखालच्या कप्प्यात असतो. त्याचे चार्जिंग मी दर महिन्याला करून ठेवतो. मी एकट्याने तीन सामने खेळलो. चौथ्याच्या मध्यावर तो ठिपका करडा झाला.