फ्रान्सच्या कार्नो घराण्यावरच्या माझ्या पोस्टला आलेल्या कमेंटला उत्तर

नमस्कार, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की सादी कार्नो फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष होता, १८९४ ला त्याचा खून झाला, आणि मी त्याला १८३२ मध्येच कॉलऱ्याने मारून मोकळा झालोय. शिवाय ही सगळी घराणेशाही, त्यात कौतुक कसलं.

अहो, ते दोन सादी आहेत, काका-पुतणे! काका म्हणजे थर्मोडायनॅमिक्सच्या (उष्णता आणि कामाच्या शास्त्राच्या) पेपरात आपल्याला घाम फोडणारा 'कार्नो सायकल'वाला, तो कॉलऱ्याच्या साथीत ३६ व्या वर्षी गेला. पुतण्या राष्ट्राध्यक्ष, त्याला लियोंमध्ये एका इटालियन अराजकवाद्याने भोसकलं. काकाचे वडील लाझार कार्नो, त्यांना इराणच्या शेख सादीच्या कविता आवडायच्या म्हणून पोराचं नाव सादी, आणि तो गेल्यावर त्याच्या धाकट्या भावाने, इपोलितने, तेच नाव आपल्या मुलाला ठेवलं, झाला घोळ.

आता घराणेशाही. पुतण्याच्या बाबतीत मान्य, १८८७ ला राष्ट्राध्यक्ष होताना आजोबा लाझारच्या नावाचा त्याला फायदा झालाच असणार. पण काकाचं काय? लाझारने क्रांतीच्या काळात फ्रान्सचं सैन्य उभं केलं खरं, पण १८१५ ला नेपोलियन पडला आणि त्याचा मंत्री म्हणून याला देश सोडावा लागला, तो परत आलाच नाही, जर्मनीतल्या माग्देबुर्गला वारला. पोरगा त्याच सैन्यात इंजिनियर, तेव्हा हे आडनाव म्हणजे गळ्यातलं लोढणंच की! १८२४ मध्ये त्याने वाफेच्या इंजिनावर छोटंसं पुस्तक पदरच्या पैशाने छापलं, कितीही भारी इंजिन बनवा, उष्णतेतून किती काम निघणार याची मर्यादा गरम आणि थंड बाजूच्या तापमानावरच ठरते असं त्यात सांगितलं, आणि कुणी ढुंकून बघितलं नाही. १८३४ ला क्लापेरों या फ्रेंच इंजिनियरने त्यावर लिहिलं, ते वाचून तरुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, १८४५ मध्ये पॅरिसची पुस्तकांची दुकानं पालथी घालत होता, तर दुकानदार कार्नो म्हटल्यावर त्याच्यापुढे काय ठेवायचे, इपोलितची सामाजिक प्रश्नांवरची पुस्तकं! मूळ प्रत हातात पडायला त्याला आणखी तीनेक वर्षं लागली. तेव्हा आडनावात गोंधळ होणारे तुम्ही पहिले नाही, टेन्शन घेऊ नका.

आणि राष्ट्राध्यक्षांचा भाऊ अ‍ॅडॉल्फ राहिलाच की. तो केमिस्ट, युरेनियमच्या पिवळ्याधमक कार्नोटाइट खनिजाला त्याचं नाव आहे. त्यावर वेगळी पोस्ट टाकतो, तिथेही भांडायला या.