बाळाला जुलाब लागलेत? मग हे करून बघाच

आधी घाबरू नका. दात येतायत. बाळ तीन महिन्यांचं असो नाहीतर दोन वर्षांचं, पातळ शी झाली की दातच येत असतात, आमच्या इंदूरच्या रामबागेत चार पिढ्या हेच निदान चालू आहे आणि त्यासाठी कोणाला डिग्री लागली नाही.

मग पाणी बंद करा. वरून ओतताय म्हणून तर खालून वाहतंय, टाकी रिकामी झाली की नळ आपोआप थांबेल. अंगावरचं दूधही तोडा, आईने काल सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला होता त्याचंच हे सगळं. रडून रडून पोर गप्प पडलं की आराम पडला म्हणायचं. डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहतेय, लंगोट सकाळपासून कोरडा आहे... अहो कोरडा आहे म्हणजे चांगलंच ना!

तरी जीव राहत नसेल तर मीठ-मोहरी ओवाळून टाका. लक्षात ठेवा, मीठ ओवाळून गॅसवर टाकायचं असतं, पाण्यात विरघळवून पोराच्या पोटात नाही.

ते पोटात द्यायचं खूळ आशाताईंचं, म्हणजे सरकारच्या आरोग्यवाल्या बायकांचं. पावसाळ्यात त्या दारावर येतात, पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीचं, पाकीट आणि झिंकच्या गोळ्या देऊन जातात, एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्याने पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. आणि फुकट! आता सांगा, फुकट मिळालेल्या पुडीने आपल्यासारख्यांची मुलं बरी होतात का? ती वस्तीतल्या लोकांसाठी. आमच्या वहिनीने छान हसून पाकीट घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं, पिझ्झाबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्यांत.

आपण दुकानातला रंगीत टेट्रापॅक आणायचा, मस्त ऑरेंज फ्लेवरचा. खऱ्या ओआरएसमध्ये साखर मोजून असते, लिटरला साडेतेरा ग्रॅम, कारण आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. साखर भरमसाठ झाली की उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पण चव बघा ना भिया! २०२५ मध्ये सरकारने असल्या सरबतांवर ओआरएस लिहायला बंदी केली, हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. लोकांना काय कामं नसतात.

तसेच एक डॉक्टर दिलीप महालनोबीस. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तर या गृहस्थांनी साखर-मीठ-पाणी पिपात कालवलं आणि नातेवाईकांनाच पाजायला लावलं. शंभरातले तीस जायचे ते चारच्या खाली आले. पद्मविभूषण दिलं हो, २०२३ मध्ये, ते वारल्यानंतर. घाई कशाला?

आणि हे आकडे कोणी तोंडावर फेकले तर तयार असा. १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या वर मुलं वर्षाला जायची, २०२२ मध्ये ४९ लाख, आणि हा फरक लस, आईचं दूध, स्वच्छ पाणी असल्या किरकोळ गोष्टींनी पडलाय म्हणे. आपण एवढंच सांगायचं की इंदूर स्वच्छतेत पहिलं. आपलं मध्यप्रदेश तर २०२० च्या सरकारी आकड्यांत अर्भकमृत्यूतही देशात पहिलं होतं, हजारी ४३, एकदा का नंबर लागला की आपण सोडत नाही.

वहिनीचा दहा महिन्यांचा चिरंजीव तिसऱ्या दिवशी मान टाकायला लागला तेव्हा रात्री साडेअकराला गाडी काढली. मोठं हॉस्पिटल, एसी रूम, तीन रात्री, हातभर बिल. सलाईन लावलं, आणि पोर जरा डोळे उघडून बघायला लागल्यावर सिस्टरने वाटी-चमचा घेऊन काय पाजायला सुरुवात केली असेल? तीच पुडी. वहिनी म्हणाली, "हे तर आमच्या ड्रॉवरमध्येपण आहे." सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं.

घरी जाताना झिंक चौदा दिवस द्यायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली, तिथेच थांबवलं. ११ गोळ्या उरल्यात, सॉसच्या पुड्यांजवळच आहेत, कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.