महिनाभराचं आधीच ठरवून ठेवा

सोशल मीडिया सांभाळायचा तर महिनाभराचं आधीच ठरवून ठेवा, असं या विषयातले सगळे जाणकार सांगतात. कुठल्या वारी काय टाकायचं, किती वाजता टाकायचं, फोटो कुठला, हॅशटॅग कुठले, सगळं एका तक्त्यात भरायचं, शेड्यूल करायचं आणि मग निवांत. हे जाणकार मालवण तालुक्यात राहत नाहीत, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

मी ब्लॉग लिहिते. इथलं खाणं, इथल्या जत्रा, इथली माणसं. पूर्वी लिहून झालं की काम संपायचं, आता लिहून झालं की सुरू होतं. तोच लेख फेसबुकसाठी ऐसपैस करायचा, इन्स्टाग्रामसाठी त्याचं रील करायचं, एक्ससाठी 280 अक्षरांत कोंबायचा. (देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘शेवग्याच्या शेंगांची आमटी’ म्हणेपर्यंत बराच खजिना रिकामा होतो.) त्यात यूट्यूबला व्हिडिओ आडवा हवा आणि रीलला उभा. माड हे झाड रीलसाठीच जन्माला आलंय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण समुद्र आडवा आहे, होडी आडवी आहे, बांगडा तर ताटातही आडवाच असतो. सिंधुदुर्ग किल्ला उभ्या चौकटीत बसवायचा तर एक तर बुरूज येतो नाहीतर आभाळ. हा किल्ला 1664 ला बांधायला घेतला आणि 1667 ला उभा राहिला. त्याच्यावरची माझी पोस्ट त्याहून जास्त काळ ‘ड्राफ्ट’मध्ये आहे.

निरोपांचं तर विचारूच नका. फेसबुकच्या पेटीत तारकर्लीला स्वस्त खोली कुठे मिळेल, इन्स्टाच्या पेटीत देवगड हापूस खरा कसा ओळखायचा, व्हॉट्सॲपवर मुलुंडची आत्या ‘कोकमाचं आगळ पाठव, बाटली मी परत देईन’, आणि ईमेलमध्ये कुणीतरी मला माझ्याच ब्लॉगचं रँकिंग वाढवून देणार. आगळाची मागणी नेमकी कुठल्या पेटीत वाचली हे आठवत नसल्याने सगळ्या पेट्या पुन्हा उघडाव्या लागतात. आणि एकदा उघडल्या की कोणी तरी कुठे तरी भांडत असतं. आंबोळी की घावणे, हा वाद माझ्या पोस्टखाली सुरू झाला तेव्हा लग्न न झालेली माणसं आता पोरांचे फोटो टाकतात. वाद चालूच आहे.

यात माझे खरे प्रतिस्पर्धी घरात आहेत. सासूबाईंनी तक्ता बघितलेला नाही, बघायची इच्छाही नाही. सकाळी अंगणात जास्वंद फुललं की फोटो काढून स्टेटस. दुपारी कुळथाची पिठी, स्टेटस. मांजर पिठीकडे बघतंय, स्टेटस. मी म्हटलं, आई, हे चोवीस तासांत नाहीसं होतं. त्या म्हणाल्या, “होऊंदेत मगे. उद्या दुसरा घालतलंय.” सबंध वाडी माझ्या लेखाची लिंक न उघडता त्यांचं स्टेटस बघते आणि मला वाटेत थांबवून मांजराची चौकशी करते. मी मात्र उजेड बरोबर पडावा म्हणून ताट खिडकीपाशी सरकवत असते आणि आतून आवाज येतो, “गो, तुझो फोटो काढून झालो काय? बांगडो निवलो!”

बरं, वेळ कुठली गाठायची? ॲप सांगतं, तुमचे वाचक संध्याकाळी सात ते नऊ ऑनलाइन असतात. सात म्हणजे दिवेलागण, आणि दिवेलागणीला आमच्याकडे बहुतेक दिवे जातात. रेंज येते ती मागीलदारी, गडग्याच्या कोपऱ्यावर, फणसाखाली. मे महिन्यात तिथे फोनकडे बघत उभं राहणं शहाणपणाचं नाही, वर बघत उभं राहावं लागतं. ॲपचा वाररविवारचा हिशोब इथे कुणी पाळत नाही. इथला हिशोब तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे गणित शाळा न शिकलेला माणूस बोटांवर करतो. म्हणून मी तक्त्यात तिथीचाही रकाना घातला, तर ॲपला तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा वाटला.

‘बुधवार: रापणीचा व्हिडिओ’ असंही एकदा लिहिलं होतं. मासे बुधवारी आले नाहीत. शुक्रवारी पहाटे आले तेव्हा मी फोन घेऊन किनाऱ्यावर धावले. रापण ओढायला जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ती नेहमीच कमी पडतात. माझ्या हातात दोर दिला गेला. दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, फोन धरणाऱ्याला नाही, अशी तिथली साधी पद्धत. व्हिडिओ झाला नाही, पण कालवण झालं. तक्त्यात खात्रीने भरता येतात ते दोनच महिने: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी, म्हणजे सुकट, सोडे आणि खारा बांगडा. देवापेक्षा सरकार तारखा जास्त पाळतं, हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरलाय.

शेजारचे नाना दशावतारात काम करतात. मी त्यांना रीलसाठी स्क्रिप्ट लिहून दिली, तर त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. दशावतारी नटाला नाटकाचं आख्यान सांगितलं की पुरतं, संवाद तो रंगमंचावर उभा राहून करतो आणि पहाटेपर्यंत करतो. “ठरवन बोलूचा असात तर नाटक कित्याक?” एवढं बोलून नाना थेट राक्षसाच्या आवाजात गेले. मला तीस सेकंद हवे होते. त्यांचा नुसता प्रवेशच त्याहून मोठा असतो.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीची. वर्षातली सगळ्यात मोठी पोस्ट हीच, आणि हिला तारीखही नाही, तिथीही नाही. देवीचा कौल होतो, मग दिवस ठरतो. ॲपमध्ये तारीख भरल्याशिवाय पोस्ट जतन होत नाही, ‘तारीख निवडा’ असं लाल अक्षरांत येतं. निवडणारी मी कोण? तात्पुरती म्हणून 31 डिसेंबर घातली, तर ॲप रोज आठवण करून देऊ लागलं. मग कौल झाला, आणि माझ्या आधी सासूबाईंच्या स्टेटसवर तारीख लागली. मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या आरक्षणावर तुटून पडले, आणि ज्यांना तिकिटं मिळाली त्या सगळ्यांनी आम्ही येतोय म्हणून कळवलं. चारही पेट्यांत.

फेब्रुवारीचा अख्खा तक्ता पुढेमागे करायला मी त्याची छापील प्रत काढून ओटीवर ठेवली होती. संध्याकाळी शोधते तर सासूबाई तिच्या कोऱ्या बाजूवर कोण कुठे झोपणार याची यादी करत होत्या. मुलुंडची आत्या पलंगावर, जावई पडवीत, पोरं ओळीने ओटीवर. माझं नाव सगळ्यात खाली होतं: माजघर, कणगीच्या बाजूक. तिथे रेंज येत नाही.