अंग दुखतंय हे घरात सांगू नये

व्यायाम करून अंग दुखलं तर दुखू द्यावं, झोपून राहावं, पण घरात सांगू नये. हा सल्ला मी फुकट देतेय, घ्या. कारण आपल्याकडे ताप आला तर डॉक्टर, दात दुखला तर डेंटिस्ट, पण मांड्या दुखतायत म्हटलं की घरातला, शेजारचा, फोनवरचा प्रत्येक माणूस एकदम वैद्य होतो, प्रत्येक वैद्याचं तेल वेगळं असतं, आणि दुसऱ्याचं तेल कसं बेकार आहे हे सांगितल्याशिवाय कुणालाच स्वतःचं तेल सांगता येत नाही.

तर झालं असं की जिम लावली. का लावली ते मला नको, माझ्या जीन्सला विचारा. लेग डे होता, म्हणजे त्या दिवशी नुसता पायांचा व्यायाम. ट्रेनर म्हणजे जेमतेम पंचविशीतला पोरगा, मला मॅम म्हणतो, आणि "मॅम लास्ट टेन" म्हणून दहा झाले की अगदी शांतपणे "बस, अजून पाच" म्हणतो, याचं गणित शाळेत कुणी तपासलं नाही वाटतं. स्क्वॉट्स, लंजेस, परत स्क्वॉट्स. त्या दिवशी काहीसुद्धा दुखलं नाही. घरी येऊन पोळ्याबिळ्या केल्या, वर नवऱ्याला ऐकवलं की माझा फिटनेस मुळातच चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसायला गेले आणि मध्येच अडकले. धड वर नाही, धड खाली नाही. शेवटी एका हातात टॉवेलचा रॉड, दुसऱ्या हातात बेसिनची कड, आणि गणपती बाप्पा मोरया म्हणून स्वतःला सोडून दिलं. बसल्यावर लक्षात आलं की उठायचंही आहे.

त्यात सोसायटीची लिफ्ट बंद. जिना चढायला तितका त्रास नाही, उतरायचं म्हणजे ब्रह्मांड. मी कठडा धरून उलटी, म्हणजे पाठ दाराकडे करून, एकेक पायरी उतरत होते तर खाली भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय ताई, पडलात का?" म्हटलं नाही हो, पैसे भरून करून घेतलंय.

ट्रेनरला मेसेज केला तर म्हणे लॅक्टिक ॲसिड साठलंय. हे सगळे ट्रेनर सांगतात आणि ते खरं नाही. ते ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून साफ झालेलं असतं, त्याचा दुसऱ्या दिवशीच्या कमोडशी काही संबंध नाही. स्नायू लांबत असताना त्यावर भार पडला, म्हणजे खाली बसताना, उतार उतरताना, तर त्यातल्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, मग ती भरून काढायला शरीर सूज आणतं, आणि या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं 24 ते 72 तासांच्या मध्ये कुठेतरी टोकाला जातं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1902 मध्येच लिहून ठेवलंय की हे दुखणं स्नायू आतून फाटल्यामुळे असावं. सिंहगड करून आलेल्या नवख्या माणसाला सोमवारी विचारा, चढताना नुसता दम लागलेला असतो, खरा सूड उतार घेतो.

पण ही माहिती घरात कुणाला सांगणार. आईचा फोन आला तेव्हा मी सोफ्यावरून उठताना "आई गं" म्हणाले आणि तिला वाटलं तिलाच हाक मारली.

माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे आईच्या मते जगातल्या सगळ्या आजारांवर खोबरेल. तेही घाण्यावरचं, ती पाठवते ते, दुकानातलं नाही. "अगो, कापूर घाल त्यात नि चोळ गरम गरम. पण गॅसवर ठेवू नको हो कापूर घालून, भडका उडेल." बरोबर आहे तिचं, कापूर पटकन पेटतो. फक्त तिला हे माहीत नाही की पुण्याच्या डिसेंबरात खोबरेल तेल हा एक दगड असतो. 24-25 डिग्रीच्या खाली ते गोठायला लागतं आणि आमच्या बाथरूममध्ये सकाळी किती असतं हे मी सांगत नाही. बाटलीचं तोंड एवढंसं, आत पांढरा खांब. गरम पाण्याच्या तांब्यात बाटली उभी करायची, ती कलंडायची, परत उभी करायची, मग उदबत्तीची काडी खुपसून बघायचं आत कुठे वितळलंय का. त्या काडीने निघालेलं पाव चमचा तेल मी एका गुडघ्याला लावलं. दुसरा तसाच.

तेवढ्यात सासूबाई. त्या सोलापूरच्या आणि सध्या आमच्याकडेच होत्या. "खोबरेलानं काय होतंय? थंड असतंय ते. थंडीत थंड तेल लावायलीस, कसं उतरंल दुखणं?" असं म्हणून त्यांनी लोखंडी कढई चढवली, करडईचं तेल, त्यात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या आणि मूठभर ओवा. लसूण आधी पांढरी, मग कडेने बदामी, मग लालसर, ओवा तडतडला, आणि अख्ख्या मजल्यावर वास सुटला. नवरा ऑफिसातून आला तो दारातूनच म्हणाला, "वा, चिवडा?" आतमध्ये मी सतरंजीवर पालथी आणि सासूबाई माझ्या पोटऱ्यांवर फोडणी घालतायत. खरं सांगू का, बरं वाटत होतं. पण दर दोन मिनिटांनी भूकही लागत होती.

हे सगळं जिन्यात ऐकू गेलं असणार, कारण वरच्या मजल्यावरचे काका आले. काका कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत जायचे, आणि ही गोष्ट ते लिफ्टच्या दोन मजल्यांच्या प्रवासातही सांगतात. तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर काय काय घालतात, शाहू महाराजांनी खासबाग मैदान कसं बांधलं, सगळं सांगून मुद्द्यावर आले. "तेल कुठलंबी असू द्या, रगडणारा पायजे." आणि काकूंना पाठवून दिलं.

आता काकू दिसायला किरकोळ आहेत. पण त्यांनी पोटरीवर अंगठा ठेवला, "हितं गाठ हाय बघ" म्हणाल्या आणि ती गाठ टाचेपासून गुडघ्यापर्यंत ढकलत नेली. मी जे ओरडले ते ऐकून खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. तरी सांगते, या सगळ्या प्रकरणात काका एकटेच शास्त्राला धरून बोलले. व्यायामानंतरच्या दुखण्यावर मसाजने थोडा फरक पडतो हे अभ्यासांत दिसलंय, तेलाचं मुख्य काम म्हणजे हात घसरावा आणि कातडी सोलू नये. पण हे सासूबाईंसमोर कोण बोलणार, कढई अजून गॅसवर होती.

उरलं होतं ते नवऱ्याने पूर्ण केलं. कधीतरी उटीच्या ट्रिपला तिथल्या त्या तेलांच्या दुकानातून आम्ही, तिकडे जाणारे सगळेच मराठी लोक घेतात तशा, बाटल्या घेतल्या होत्या, निलगिरी आणि गंधपुरा. (निलगिरीचं झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, इंग्रजांनी आणून लावलेलं, पण आजीच्या बटव्यात त्याला मानाची जागा आहे, असो.) नवऱ्याने गंधपुऱ्याची बाटली शोधून काढली आणि प्रेमाने थेट मांडीवर ओतली. गंधपुरा म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं भावंड. ते खोबरेलात चार थेंब घालून लावायचं असतं, नुसतं नाही. आधी गार लागलं, मग कोमट, मग मी पंखा पाचवर करायला सांगितला, ऐन डिसेंबरात. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची टूम निघाली होती, ती मी हाणून पाडली, कारण उष्णतेने ते जास्त आत शिरतं आणि कातडी भाजते. आणि हे हसण्यावारी नेऊ नका, 5 मिली गंधपुरा तेलात साधारण 7 ग्रॅम ॲस्पिरिनएवढा ऐवज असतो, लहान पोराच्या पोटात चमचाभर गेलं तर जीवावर बेततं. आमची बाटली आता माळ्यावर आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही लांबच राहावं.

गंमत म्हणजे या झोंबण्या-गार वाटण्यावर 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलंय. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या झोंबणाऱ्या पदार्थावरून नसांमधला उष्णता ओळखणारा दरवाजा शोधला, मग पुदिन्याच्या मेंथॉलवरून थंडीचा. म्हणजे मांडी प्रत्यक्षात तापलेली नसते, मेंदूला फक्त तसा निरोप जातो, आणि त्या गोंधळात मूळ दुखण्याकडे त्याचं दुर्लक्ष होतं. मला हे पूर्ण पटलं, कारण मी त्याच हाताने डोळा चोळला आणि पुढचा अर्धा तास मला पाय आहेत हेच आठवलं नाही.

सकाळी आंघोळ करूनही वास गेला नाही. ऑफिसच्या मीटिंगरूममध्ये एकीने विचारलं कुणाला सर्दी झालीय का, दुसरा म्हणाला छे, कुठेतरी आरती चाललीय, आणि आमचे साहेब, जे एरवी प्रेझेंटेशनमध्ये झोपतात, ते ताठ बसून म्हणाले, "लसणाची चटणी कुणी आणलीय?" मी स्लाइड बदलली.

चौथ्या दिवशी दुखणं गेलं. जाणारच होतं. काही न लावता सोफ्यावर पडून राहिले असते तरी साधारण त्याच सुमारास गेलं असतं. तेलाचं म्हणजे लग्नात पंगतीच्या वेळेला उगवून ग्रुप फोटोत बरोबर मधोमध उभ्या राहणाऱ्या मामासारखं आहे. आई म्हणाली खोबरेल लागू पडलं, एका गुडघ्याला लागू पडलं हे मी बोलले नाही. सासूबाईंनी सोलापूरला फोन करून करडईचा विजय जाहीर केला. काका लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतायत. पुढच्या लेग डेला तर निम्मंही दुखलं नाही, कारण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच व्यायामाला कमी कुरकुरतो, पण त्याचंही श्रेय तेलांमध्ये वाटून झालंय. मला मिळालं काय, तर तीन चादरींवर पिवळे डाग, आणि तेलकट तळव्यांनी बाथरूमच्या फरशीवर मारलेलं एक स्प्लिट, जे त्या ट्रेनरला माझ्याकडून अजून जमवता आलेलं नाही.

आता नवऱ्याने बॅडमिंटन लावलंय. काल तो चहा पिता पिता "खांदा जरा धरल्यासारखा वाटतोय" असं बोलून गेला, फोन स्पीकरवर होता, पलीकडे आई होती, आणि स्वयंपाकघरात कढईचा आवाज झाला. मी काही बोलले नाही. जुन्या चादरी तेवढ्या काढून ठेवल्या.