मास्तर, पाईप केवढ्याला पडला?

भाच्याने एका बैठकीत अकरा हापूस खाल्ले आणि त्याची शिक्षा मला झाली.

भाचा पुण्याहून आंजर्ल्याला आला होता पक्ष्यांचे फोटो काढायला. येताना दोन दिवसांच्या भाड्याने एक लेन्स घेऊन आला. कॅननची, ६०० मिलिमीटरची, वजन ३ किलो ९२० ग्रॅम. दोन्ही हातांवर आडवी घेतली की चांगली पोसलेली सुरमई घेऊन चाललोय असं वाटावं. रंग पांढरा, अगदी शुभ्र नव्हे, ताकात चिमूटभर राख पडल्यासारखा. पहिल्या रात्री आंबे झाले, पहाटेपासून भाच्याच्या परसदारी खेपा सुरू झाल्या आणि नऊ वाजता त्याने अंथरुणातूनच फर्मान काढलं, "मामा, भाडं भरलंय. आता तूच जा. काकण दिसतोय का बघ."

काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. समुद्रातला साप उचलून आरामात खात बसणारा पक्षी. मी निवृत्त मास्तर, जन्मभर मुलांना भिंग शिकवलं. पण वर्गातलं भिंग मुठीत मावायचं आणि ते पांढरं का, असं कुणी विचारायचं नाही.

पहिला प्रश्न पायरीवरच आला. आमचा नळवाला टाकीचं काम बघायला आला होता. "काय ओ मास्तर, चार इंची का? केवढ्याला पडला पाईप?"

मी सकाळच्या उत्साहात होतो. त्याला ओट्यावर बसवलं आणि पूर्ण धडा घेतला. काचेतून जाताना प्रकाशातले सगळे रंग सारखे वाकत नाहीत. लांबच्या लेन्समध्ये हा फरक डोळ्यांवर येतो. बगळ्याचा फोटो काढावा तर त्याला जांभळी-हिरवी किनार, जणू बगळा लुगडं नेसून आलाय. यावर उतारा म्हणजे फ्लोराईट. हे खनिज आपल्या शेजारी गुजरातेत आंबाडुंगरला सापडतं, पण भिंग घासावं एवढा मोठा, निर्मळ स्फटिक जमिनीतून निघणं दुर्मीळ. म्हणून कॅननने तो भट्टीत वाढवायला घेतला आणि १९६९ मध्ये तसं भिंग घातलेली ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. रंग एकत्र राखण्यात फ्लोराईट गुणी, पण स्वभावाने तापट. नेहमीच्या काचेपेक्षा उन्हात दुपटीहून जास्त फुगतं. भिंग फुगलं की फोकस सरकला. म्हणून बाहेरून पांढरा रंग. ऊन आलं तसं परत जावं.

नळवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे पाण्याच्या कामाची नाही," म्हणाला आणि टाकीवर चढला.

पुढे कड्यावरच्या गणपतीकडे जाणारे भटजी भेटले. आता धडा अर्ध्यावर आणला होता. उदाहरणही जवळचं घेतलं. "वर आपलं देऊळ पांढरं आहे ना? उन्हात गाभारा गार राहतो ना? तसंच हे." भटजींना ते पटलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मास्तराची जीभ. सांगून बसलो की उन्हाने फोकस सरकतो हे धरूनच अशा लेन्सची फोकसची कडी अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेवर थांबवत नाहीत, आणखी थोडी पुढे फिरू देतात.

"अनंताच्या पुढे?" भटजींनी ताम्हन कठड्यावर ठेवलं. "पुढे काय आहे?"

"काही नाही. अस्पष्ट दिसतं."

"तेच म्हणतो मी कधीपासून," असं म्हणून ते जो विषय काढून बसले, त्यात माझी वीस मिनिटं आणि सकाळचं कोवळं ऊन दोन्ही गेलं.

खाडीच्या वाटेवर हर्णैच्या लिलावातून परतणारी मावशी. टोपली उतरवून तिने लेन्सवरून मायेने हात फिरवला. तिला मी एकाच वाक्यात सांगितलं, "आतली काच उन्हाने बिघडते, म्हणून पांढरा रंग."

"अगो बाई! मास्तर, मासळी पण उन्हान बिघडतं. आमी बर्फ घालताव. रंग लावीत नाय बसत." आणि खरोखरच टोपलीतला मूठभर चुरा लेन्सवर घालायला निघाली. सौम्य शब्दांत तिला आवरता आवरता माझ्या सदऱ्याला कोलंबीचा वास लागला तो लागलाच.

खाडीच्या तोंडाशी एका वाळक्या सुरूच्या शेंड्यावर काकण बसलेला दिसला. मी तिकाटणं रोवलं, लेन्स चढवली, डोळा लावला. आणि पाठीमागून आवाज आला, "साहेब."

कोकणात तिकाटणं उभं करणारा माणूस एक तर लग्नाचा फोटोवाला असतो, नाही तर मोजणीवाला. माझ्यासमोर नवरा-नवरी नव्हते. त्यात वर पांढरा दांडा, म्हणजे सरकारी. पलीकडच्या वाडीतला हा गृहस्थ हातात पिशवी, पिशवीत सात-बारा अशा तयारीने आला होता. उतारा इतक्या लवकर कुठून पैदा झाला असं कुणी विचारू नये. आमच्याकडे माणूस चष्मा विसरेल, उतारा विसरत नाही.

"सागरी महामार्ग ह्या बाजूनं काढताव का त्या?"

मी म्हटलं, "मी गरुड बघतोय."

"बघा, बघा," तो समजूतदारपणे हसला. "ती माडांची रांग आमची. पलीकडली चुलतभावाची. त्याच्या बाजूला सरकलात तर आमची ना नाही." मी लेन्स पांढरी का असते ते सांगू लागलो. त्याने मान डोलावली. सरकारी माणूस काहीही सांगतो, आपण डोलवायची. शेवटी माझं घर कुठे एवढं विचारून तो गेला.

या सगळ्यात बारा वाजले होते. तेवढ्यात मुंबईचा एक पाहुणा शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे निकॉनची लेन्स, माझ्याएवढीच मोठी आणि काळी कुळकुळीत. मी मोठ्या मनाने त्याला उन्हाचं, फ्लोराईटचं सांगायला गेलो. तो म्हणाला, "काका, यातही फ्लोराईट आहे. निकॉन २०१३ पासून मोठ्या लेन्समध्ये घालतेय. रंग काळाच. आणि कॅननच्या काही पांढऱ्या लेन्समध्ये फ्लोराईट नावालाही नाही."

सकाळपासून जमवलेलं माझं भौतिकशास्त्र खाडीत बुडालं. ऊन परतवणं खरंच आहे. काळी नळी पांढरीपेक्षा जास्त तापते हे चौथीतलं पोरही सांगेल. नळीचा धातूही फुगतो, हेही खरं. पण क्रिकेटच्या सीमारेषेबाहेर पांढऱ्या नळ्यांची रांग लागली की टीव्हीवर नाव न वाचताही कंपनी ओळखू येते, यातला फायदा कंपनीला कळला नसेल असं मला तरी वाटत नाही.

मग मला भाच्याने दिलेल्या पिशवीची आठवण झाली. उघडली तर आत लेन्सवर चढवायचा खास अभ्रा, हिरव्या-तपकिरी पानापानांचा. पांढरा रंग पक्ष्यांना दुरून दिसतो, म्हणून पक्षीवाले तो झाकतात! म्हणजे ऊन लागू नये म्हणून पांढरी करायची आणि पांढरी दिसू नये म्हणून गडद कापड गुंडाळायचं. हा अभ्रा सकाळी घातला असता तर माझं निम्मं गाव वाचलं असतं.

घातला. काकण अजून जागेवर होता. त्याचाही रंग पांढरा नि राखाडी, त्याला कुणी कारण विचारत नाही. मी वीस-पंचवीस फोटो काढले.

घरी भाच्याने ते मोठे करून पाहिले. गरुड होता, पण उकळत्या कढीत बुडवल्यासारखा. "मामा, दुपारी वाळूवरची हवा थरथरते. लेन्स कितीही गार असली तरी मधली हवा कुठे गार आहे? सकाळीच जायचं असतं." त्याने लेन्सला हात लावून पाहिला. "लेन्स मात्र छान राहिलीय हं." माझं टक्कल एव्हाना कोकमाच्या रंगाचं झालं होतं, त्याला कुणी हात लावून पाहिलं नाही.

संध्याकाळी फाटक वाजलं. सात-बारावाला गृहस्थ दारात उभा, खांद्यावर हापूसची पेटी. "घरच्यासाठी, साहेब. आमच्या माडांचं तेवढं बघा." मी नको नको म्हणेपर्यंत पेटी ओटीवर टेकवून तो गेलासुद्धा.

आतल्या खोलीत खाट करकरली. भाचा उठून बसला होता.