पाला घेतो, पाल्यातला केर घेत नाही

नमस्कार काका,

रिव्ह्यू वाचला. सोसायटीच्या गेटवर पाल्याची 20 पोती ठेवली होती, आमच्या माणसांनी 3 तिथेच सोडली, बाकीच्यांचे पोत्यामागे 30 रुपये घेतले. न्यू जर्सीला मुलाकडे हेच काम पालिका फुकट करते. पुढच्या वेळी सरळ काडी लावू, असं तुमचं म्हणणं.

आधी त्या 3 पोत्यांबद्दल. वर बदामाची लाल पानं, मस्त कोरडी. खाली हात घातला तर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे आणि फुटलेल्या ट्यूबची काच. पार्किंगचा केर पाल्यात लोटला की असंच होतं. हा पाला आमच्याकडे चुरा होऊन कंपोस्टमध्ये जातो आणि ते कंपोस्ट लोक गच्चीवरच्या मेथी-कोथिंबिरीला हाताने घालतात. काच एकदा मशीनमधून बारीक झाली की चाळणीतही सापडत नाही. त्यामुळे पोतं उघडून बघणं आम्ही सोडणार नाही, रिव्ह्यू कसेही येवोत.

पैशांचं म्हणाल, तर पाला वजनाला काहीच नसतो, जागा मात्र खातो. टेम्पो शिगोशीग भरला तरी काटा जेमतेम हलतो. डिझेल आणि हमाली पूर्ण लागते. 30 रुपयांत तेवढंच निघतं.

न्यू जर्सीत गाडी घरासमोरून पानं उचलते, हे खरं. फुकट मात्र नाही, तुमचे चिरंजीव प्रॉपर्टी टॅक्स भरतात त्यातून ते होतं. तिथे 1987च्या कायद्यामुळे पानं कचरा डेपोत टाकता येत नाहीत, वेगळी काढावीच लागतात. शिवाय मोकळा ढीग गटाराच्या जाळीपासून 10 फूट लांब हवा आणि गाडीच्या तारखेआधी 7 दिवसांहून लवकर रस्त्यावर लोटायचा नाही. चिरंजीवांना विचारून बघा, आमचे नियम सौम्य वाटतील! त्यांची पानगळ नोव्हेंबरअखेरपर्यंत बहुतेक उरकते, म्हणून वेळापत्रक बसवता येतं. आपल्या पुण्यात जानेवारीत बदाम सुरू होतो, मग पिंपळ, मग रेन ट्री. एप्रिलपर्यंत खराटा खाली ठेवता येत नाही.

काडी मात्र कृपा करून लावू नका. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, हे राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच ठरवून दिलंय. त्यापुढे आम्ही 17 पोत्यांचे 510च घेतले.

शुक्रवारी टेम्पो तुमच्याच भागात आहे. ती 3 पोती निवडून ठेवलीत तर उचलू, दर तोच. आणि मागच्या बाजूला आंब्या-नारळाची आळी उघडी पडलीत, तिथे चार बोटं पाला पसरा. पाणी कमी लागेल, निम्मी पोती आम्हाला द्यावीच लागणार नाहीत. तुमच्या माळीबुवांना आमच्या पोरांनी हे त्याच दिवशी सांगितलंय.