म्हणे कोंजुंतीवो मेलाय!

भाची इटलीत तोरिनोला शिकायला निघालीय. परवा तिने एक रील पाठवलं, वर लिहिलेलं, "मावशी, निम्मं व्याकरण वाचलं!" रीलमधल्या गृहस्थांचं म्हणणं असं: इटालियन लोक कोंजुंतीवो, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, वापरतच नाहीत, कुठलीही इच्छा सांगायला 'वोल्यो' ('मला हवंय') म्हणा आणि पुढे मूळ क्रियापद ठोकून द्या, आणि मराठी माणसाला हे रूप तसंही झेपणार नाही.

मधला सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. 'वोल्यो'पुढे मूळ क्रियापद आलं की इच्छा करणारा आणि काम करणारा एकच. उद्या नळ गळायला लागला आणि प्लंबर पाठवा म्हणून ही पोरगी घरमालकिणीला 'वोल्यो वेनीरे' म्हणाली, तर बाई म्हणेल, ये की! कारण हिने सांगितलं, 'मला यायचंय'. प्लंबरने यावं, हे 'वोल्यो के वेंगा लिद्राउलिको'. कर्ता बदलला की 'के', म्हणजे आपलं 'की', येतं, आणि त्यामागून कोंजुंतीवो. शिवाय नुसतं 'वोल्यो' हुकूम सोडल्यासारखं वाटतं. गोडीत घ्यायचं तर 'वोर्रेई के', आणि मग 'वेंगा'चं 'वेनिस्से' होतं. गृहस्थांना याचा पत्ताच नाही.

आणि मेलाय म्हणे! अनोळखी माणसाला 'स्कूझी' (माफ करा) म्हणता, दुकानदार 'दीका' (बोला) म्हणतो, दवाखान्यात 'सी अक्कोमोदी' म्हणून बसवतात. आदराची ही सगळी रूपं कोंजुंतीवोचीच. 1975 च्या 'फान्तोत्सी' चित्रपटात टेनिस कोर्टावर दोघे कारकून चुकीचं क्रियापद कोंजुंतीवो म्हणून खपवतात, त्यावर इटली अजून हसते. मेलेल्या रूपाच्या चुकीला कोण हसेल?

बरं, थोडं खरं आहे. 'पेन्सो के' (मला वाटतं की) याच्यापुढे बोलताना साधं रूप सर्रास ऐकू येतं, रोमकडे 'वोल्यो के व्येनी'सुद्धा. 'स्पेरो के' (आशा आहे की) याच्यापुढे भविष्यकाळ तर व्याकरणालाही चालतो. पण म्हणून परीक्षेत असलं लिहून याल तर मार्क जातील.

राहिला मराठी माणूस. 'मला यायचंय', पण 'त्याने यावं असं वाटतं'. कर्ता बदलला की आपलंही क्रियापद बदलतंच ना? इंग्रजीवरून इटालियन शिकवणाऱ्याला हे सुचणार कुठून!

भाचीला सांगितलंय, आधी सीआ, आब्बिया, फाच्चा, वादा, वेंगा एवढी पाठ कर. रील नंतर बघ.